आधी चिप, मग लस : कुत्र्या-मांजराला परदेशी नेण्याचे कागद कसे होतात

नाशिकहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मुलांकडे कायमचं राहायला परदेशी जाणाऱ्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : कुत्र्याचं काय करायचं? व्हिसा, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, फ्लॅट भाड्याने देणं, गाडी विकणं, याची यादी कधीच तयार झालेली असते. घरातला लॅब्रॅडॉर किंवा मांजर त्या यादीत तळाला असते, कारण डॉक्टरांकडून एक फिटनेस सर्टिफिकेट घेतलं की झालं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. चौकशी सुरू केली की डोकं चक्रावतं. कोणी सांगतं आठवड्यात काम होतं, कोणी म्हणतं सहा महिने धरा, कोणी म्हणतं तिकडे उतरल्यावर महिनाभर कोंडून ठेवतात.

यातलं कुठलंच साफ खोटं नाही. कॅनडाला गेलेल्यांचा अनुभव वेगळा, जर्मनीला गेलेल्यांचा वेगळा आणि जपानचा तर पूर्ण निराळा. त्यातच अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठीचे नियम बदलले. त्यामुळे त्याआधी तिकडे गेलेल्या मावसभावाचा सल्ला आज लागू पडेलच असं नाही.

या गोंधळात काही घरं हात टेकतात आणि प्राणी कोणाच्या तरी मळ्यावर किंवा संस्थेत सोडून निघून जातात. मला हे फार लागतं. कागद जमण्यासारखे असतात, फक्त ते हातात घ्यायला उशीर झालेला असतो. या कामात अवघड असा एकही कागद नाही. अवघड आहे तो त्यांचा क्रम आणि दोन कागदांमधल्या थांबण्याच्या मुदती. तेवढं नीट समजलं तर बाकीचं सगळं फॉर्म भरण्याइतकं सरळ आहे.

एवढी तपासणी कशासाठी? कारण एकच : रेबीज

परदेशी सरकारांना आपल्या कुत्र्याची जात, वंशावळ किंवा स्वभाव यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांची मुख्य भीती रेबीजची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो. भारत सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्यासाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पण आजच्या घडीला युरोप, ब्रिटन, अमेरिका, जपान यांच्या दृष्टीने भारत हा रेबीजचा धोका जास्त असलेला देश आहे. आपला कुत्रा कितीही लाडाकोडात वाढलेला असला तरी त्याला हाच नियम लागतो.

या रोगाच्या दोन गोष्टींमुळे नियम इतके कडक झाले. एक, लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही, मृत्यू जवळपास ठरलेला. दुसरी, चावा बसल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ लांबलचक असतो. माणसांत तो साधारण दोन ते तीन महिने धरतात, कधी आठवडाभरच असतो तर कधी वर्षही जातं. प्राण्यांतही असाच मोठा फरक दिसतो. म्हणजे आज ठणठणीत दिसणारा, शेपूट हलवणारा कुत्रा आतून बाधित असू शकतो, आणि डॉक्टरांनी कितीही नीट तपासलं तरी ते कळणार नाही. फिटनेस सर्टिफिकेट एकट्याने का पुरत नाही, याचं उत्तर इथे आहे. ते सर्टिफिकेट आजची तब्येत सांगतं. समोरच्या देशाला गेल्या काही महिन्यांची खात्री हवी असते.

द्राक्षाच्या कंटेनरवरून समजून घेऊ

नाशिककराला हे समजवायला द्राक्षांइतकं जवळचं उदाहरण नाही. युरोपला माल पाठवायचा तर द्राक्ष गोड आहे, मणी टपोरा आहे, एवढ्यावर भागत नाही. बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत औषधांच्या अंशांची तपासणी आणि सगळ्यात शेवटी फायटो, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपल्या भागातले कंटेनर युरोपात अडकले होते, ते द्राक्ष पट्ट्यात आजही कोणी विसरलेलं नाही. त्या हंगामात शेवटचा दाखला हातात असूनही उपयोग झाला नाही, कारण चूक आधीच्या टप्प्यावर घडून गेली होती.

प्राण्याचंही असंच. नोंदणीच्या जागी मायक्रोचिप, फवारणीच्या वहीच्या जागी लसीकरणाची पुस्तिका, औषधांच्या अंशांच्या रिपोर्टच्या जागी रक्ताची तपासणी आणि फायटोच्या जागी केंद्र सरकारच्या पशुवैद्याचा आरोग्य दाखला. फरक एवढाच की द्राक्षाचा फायटो नाशकात मिळतो, प्राण्याच्या दाखल्यासाठी मुंबई गाठावी लागते.

पहिला टप्पा : चिप

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. जाडसर सुईने ती मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते आणि तिच्यातून कुत्रा कुठे आहे हेही कळत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. स्कॅनर जवळ धरला की तिच्यातला १५ आकडी क्रमांक दिसतो, एवढंच तिचं काम.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी. बाजारात दुसऱ्या प्रकारच्या चिपही आहेत आणि त्या सगळ्या स्कॅनरवर वाचता येत नाहीत. डॉक्टरांना चिप टोचण्याआधी हे विचारा. टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर दोन्ही वेळा आपल्या डोळ्यांसमोर स्कॅन करून घ्या. चिपच्या पाकिटात त्याच क्रमांकाचे बारकोड असलेले छोटे स्टिकर असतात. एक लसीच्या पुस्तिकेत चिकटवा, एक चिपच्या दाखल्यावर लावा, उरलेले जपून ठेवा. पुढे रक्ताच्या नळीवर, प्रयोगशाळेच्या फॉर्मवर, मुंबईच्या अर्जावर, सगळीकडे हाच क्रमांक लिहायचा असतो. १५ आकड्यांतला एखादा जरी मागेपुढे झाला तरी कागदोपत्री तो दुसराच कुत्रा ठरतो.

दुसरा टप्पा : लस, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं

"आम्ही तर दरवर्षी न चुकता रेबीजची लस देतो, मग प्रश्न कुठे आहे?" हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो अगदी रास्त वाटतो.

प्रश्न कुत्र्याची ओळख पटवण्याचा आहे. युरोपीय संघ, ब्रिटन आणि असेच नियम पाळणारे देश फक्त चिप बसवल्यानंतर दिलेली लस मोजतात. चिप नसताना दिलेली लस नेमक्या याच कुत्र्याला दिली होती, हे कशावरून? पुस्तिकेवर "ब्रुनो, लॅब्रॅडॉर, फिकट पिवळा" असं लिहिलेलं असतं, आणि एकट्या गंगापूर रोडवर या वर्णनाचे कितीतरी कुत्रे सकाळी फिरायला निघतात. म्हणून सहा वर्षं नियमाने लस घेतलेला कुत्राही कागदावर पहिल्यापासून सुरुवात करतो : आधी चिप, मग लस. दोन्ही एकाच दिवशी झालं तरी चालतं, पण चिप आधी टोचायची आणि दाखल्यावर तसं दिसलं पाहिजे. पिल्लू असेल तर युरोपसाठी लसीच्या दिवशी त्याचं वय किमान १२ आठवडे असावं लागतं.

आता पुस्तिका उघडून बघा. लसीच्या रकान्यात तारीख, लसीचं नाव, बाटलीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर, पुढच्या डोसची तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. सहीखाली पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. आपल्याकडच्या पुस्तिकांत यातलं काहीतरी हमखास राहून जातं. स्टिकर उन्हाने फिकट होतं, शिक्का अर्धा उमटलेला असतो. तारीख ३/४ अशी लिहिली असेल तर परदेशात ती ४ मार्च अशीही वाचली जाऊ शकते. महिना अक्षरांत लिहून घेतला की हा घोळ टळतो.

आणि बूस्टर. पुढच्या डोसची तारीख उलटून गेली तर पुढची लस नियमाच्या भाषेत बूस्टर राहत नाही, ती पुन्हा "पहिली लस" होते. एका दिवसाचा उशीरही उशीरच. मग रक्ततपासणीही नव्याने करावी लागते. उलट बूस्टर वेळेवर देत राहिलात तर युरोपसाठी एकदा केलेली रक्ततपासणी पुढेही ग्राह्य धरली जाते. ज्यांना दोन-तीन वर्षांनी जाण्याची शक्यता वाटते, त्यांनी चिप, लस आणि तपासणी आजच करून घेऊन नंतर फक्त बूस्टर सांभाळले तर ऐनवेळची सगळी धावपळ वाचते. माझ्या मते पैसे खर्च करायची सगळ्यात शहाणपणाची जागा हीच.

तिसरा टप्पा : टायटर

टायटर म्हणजे लसीमुळे शरीरात रेबीजविरोधी प्रतिपिंडं किती तयार झाली, याचं माप. प्रतिपिंड म्हणजे विषाणूला निकामी करणारे, शरीराने स्वतः बनवलेले घटक. मान्य पातळी जगभर एकच आहे : दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक. ०.४९ आलं तर नापास.

डॉक्टर थोडं रक्त घेतात, ते यंत्रात फिरवून वरचा पिवळसर पातळ भाग, म्हणजे सीरम, वेगळा काढतात आणि तो थंड ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतात. कुठलीही प्रयोगशाळा चालत नाही. युरोपसाठी युरोपीय आयोगाच्या यादीतली, अमेरिकेसाठी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मान्य केलेली लागते. नमुने बहुधा परदेशात जातात. फ्रान्समधली नॅन्सीची, इंग्लंडमधली वेब्रिजची आणि अमेरिकेतली कॅन्सस स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा या क्षेत्रात जुन्या आणि नावाजलेल्या आहेत. कोपऱ्यावरच्या लॅबमधला स्वस्त रिपोर्ट कितीही चांगला असला तरी यादीत नाव नसेल तर तो विमानतळावर कामाचा नाही. रक्त काढण्याआधी आपण जाणार त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ती यादी उघडून स्वतः बघा.

रक्त लसीनंतर लगेच घेऊन चालत नाही, युरोपच्या नियमाने किमान ३० दिवस जाऊ द्यावे लागतात. आणि खरी वाट पुढे आहे : रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण होईपर्यंत प्राण्याला युरोपात प्रवेश नाही.

"रिपोर्ट चांगला आला, मग तीन महिने कशाला?" हा पुढचा आक्षेप. याचं उत्तर वर सांगितलेल्या लांबलचक सुप्त काळात आहे. लस देण्याआधीच कुत्र्याला बाधा झाली असेल तर लस त्याला वाचवेलच असं नाही. तीन महिन्यांत बहुतेक बाधित प्राण्यांमध्ये रोग उघडा पडतो. रिपोर्ट सांगतो की लस लागू पडली, आणि थांबण्याचा काळ सांगतो की लसीच्या आधी आत काही शिरलेलं नव्हतं. युरोप आणि ब्रिटनने हे थांबणं आपल्याच घरात करू दिलं आहे. कुत्रा त्याच्या नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या माणसांत हे दिवस काढतो. परक्या देशातल्या पिंजऱ्यात तीन महिने काढण्यापेक्षा ही केवढी मोठी सवलत आहे, हे प्राणी पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तारखा मांडून बघू

समजा, इंदिरानगरमधल्या एका घराला जर्मनीला जायचं आहे आणि त्यांच्या कुत्र्याला आजवर चिप नाही. १ जानेवारीला आधी चिप आणि लगेच लस दिली. ३० दिवस मोजले की रक्त लवकरात लवकर ३१ जानेवारीला निघेल. तिथून तीन महिने, म्हणजे एप्रिल सरेपर्यंत थांबायचं. प्रवास मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आधी नाही. रिपोर्ट फेब्रुवारीत आला काय किंवा मार्चमध्ये आला काय, या हिशेबात फरक पडत नाही, कारण मोजणी रक्त काढल्याच्या तारखेपासून होते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते विनाकारण महिनाभर जास्त थांबतात.

पिल्लू असेल तर हिशेब लांबतो. १२ आठवड्यांचं होईपर्यंत थांबा, मग लस, मग ३० दिवस, मग तीन महिने. जवळपास सात महिन्यांचं होईपर्यंत ते युरोपात जाऊ शकत नाही. परदेशी जायचं ठरलेलं असताना नवं पिल्लू घरी आणणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

शेवटचा टप्पा : मुंबईचा दाखला

भारतातून प्राणी बाहेर नेताना केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचा दाखला लागतो. तो देणारं खातं म्हणजे अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, बोलताना सगळे एक्यूसीएस म्हणतात. त्याची केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरूला आहेत. नाशिककरांना अर्थातच मुंबई सोयीची.

अर्ज ऑनलाइन करायचा. सोबत मालकाचा पासपोर्ट, तिकीट, लसीची पुस्तिका, चिपचा दाखला, टायटर लागू असेल तर त्याचा रिपोर्ट, आणि नोंदणीकृत पशुवैद्याने दिलेला ताजा आरोग्य दाखला. हा शेवटचा कागद आपले नाशिकचे डॉक्टर देऊ शकतात. समोरच्या देशाचा आयात परवाना लागत असेल तर तोही जोडायचा. प्राणी प्रत्यक्ष दाखवावा लागतो. अधिकारी चिप स्कॅन करून क्रमांक कागदांशी ताडून बघतात, जनावर तपासतात आणि मग दाखला देतात.

"म्हणजे कुत्र्याला घेऊन मुंबईला जावंच लागणार?" हो. कसारा घाटाने गेलात काय किंवा इगतपुरीहून समृद्धीने उतरलात काय, प्रवास कुत्र्यालाही करावा लागतो. शिवाय हा दाखला खूप आधी काढून ठेवता येत नाही. युरोपचा नियम असा की सरकारी पशुवैद्याच्या सहीपासून दहा दिवसांच्या आत प्राणी तिथे पोहोचला पाहिजे. म्हणून ही तारीख विमानाच्या तारखेला चिकटूनच येते. कागदात काही खोट निघाली तर दुरुस्तीला एखादा दिवस मिळावा, इतकी फट मध्ये ठेवा. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. गणपती-दिवाळीच्या आसपास जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

युरोपसाठी दाखल्याचा नमुना युरोपीय संघाने ठरवून दिलेला आहे. तो इंग्रजीत आणि युरोपात ज्या देशातून आत शिरणार त्या देशाच्या भाषेत हवा. इथे एक बारीक गोष्ट सुटते. राहायला जर्मनीत जाणार पण कुत्र्यासह पहिल्यांदा उतरून प्रवेश नेदरलँड्समध्ये करणार असाल, तर नमुना डच भाषेचा लागतो. म्हणून तिकीट आधी पक्कं करा, फॉर्म नंतर छापा. व्हिसाच्या कागदांसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का, करून घेतलेले लोक इथेही तेच करायला धावतात, त्याची गरज नाही. इथे वजन आहे ते सरकारी पशुवैद्याच्या सहीला.

सगळे देश सारखे नाहीत

सोपं टोक म्हणजे कॅनडा. घरातला पाळीव कुत्रा मालकासोबत जात असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंचमधला रेबीज लसीचा नीट भरलेला दाखला हा मुख्य कागद. टायटर नाही, तीन महिने थांबणं नाही. मात्र विक्रीसाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी नेले जाणारे कुत्रे व्यापारी गटात मोडतात, आणि भारतासारख्या देशांतून तसे कुत्रे नेण्यावर कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून बंदी घातली आहे.

ब्रिटनचे नियम युरोपसारखेच, पण कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं, म्हणजे चपट्या जंताचं औषध पशुवैद्याने देऊन वेळेसह नोंद करावी लागते. आणि तिथे विमानाने जाणारा प्राणी कार्गो म्हणूनच जातो, सीटखाली ठेवून नेता येत नाही.

अमेरिकेला जाणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी लस आणि चिपचा विशेष फॉर्म सरकारी पशुवैद्याच्या सहीनिशी लागतो, सीडीसीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. ठराविक विमानतळांवरच उतरता येतं आणि तिथल्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. मान्य टायटर नसेल तर त्या केंद्रात २८ दिवस, मालकाच्या खर्चाने. मांजराला मात्र सीडीसी रेबीज लसीचा दाखला मागत नाही. तरी ज्या राज्यात जाणार तिथले आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असू शकतात.

दुबई-अबुधाबीकडे जाणाऱ्यांना तिथल्या मंत्रालयाचा आयात परवाना आधी काढावा लागतो आणि काही जातींना प्रवेशच नाही. जातीबंदी जर्मनीतही आहे : पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांची संकरित पिल्लं नेता येत नाहीत.

जपान सगळ्यात शिस्तीचा. चिपनंतर दोन लसी, मग टायटर, मग रक्त काढल्यापासून १८० दिवसांची वाट, आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या प्राणी विभागाला कळवायचं. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. आधी त्यांच्या मान्य यादीतल्या तिसऱ्या देशात प्राण्याचा काही महिने मुक्काम, तिथून पुढची तयारी. तिकडे जाणाऱ्या घरांना मी स्पष्ट सांगेन की खर्च आणि प्राण्याचं वय, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून निर्णय घ्या. बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दोन देशांतून फिरवण्यापेक्षा तो आजी-आजोबांजवळ राहिला तर त्याचंच भलं होऊ शकतं.

"एजंट सगळं करून देतो म्हणतो"

काही एजंट खरोखर चांगलं काम करतात, विशेषतः कार्गोचं बुकिंग आणि मुंबईतली धावपळ. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी मदत जरूर घ्यावी. पण लसीची मागची तारीख टाकून देतो, कुत्रा न दाखवता दाखला आणतो, असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. कागद खोटा निघाला तर शिक्षा प्राण्याला होते : परत पाठवणी, लांब क्वारंटाइन, आणि काही देशांच्या कायद्यात यातलं काहीच जमलं नाही तर जीव घेण्याचीही तरतूद आहे. एजंटला पैसे देण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं पान स्वतः एकदा वाचा. ही पानं साध्या इंग्रजीत असतात.

"आमची मांजर कधी घराबाहेरच गेली नाही"

खरं असेल. पण सीमेवरच्या अधिकाऱ्याला ते दिसत नाही, त्याला कागदच दिसतो. युरोप आणि ब्रिटनला मांजरालाही कुत्र्यासारखीच चिप, लस आणि टायटर लागतो. मांजर कधी दवाखान्यात गेलीच नसेल तर चिपच्या दिवसापासूनच तिला बास्केटची सवय लावायला घ्या.

विमान आणि पिंजरा

कागद सरकारचे, पण विमानात घ्यायचं की नाही हे कंपनी ठरवते. केबिनमध्ये, सामानासोबत किंवा कार्गोत, असे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येक कंपनी तिन्ही देत नाही. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना कित्येक कंपन्या नाकारतात, कारण उष्णतेत त्यांना श्वास घेणं जड जातं. मे महिन्यातला मुंबईचा धावपट्टीवरचा उकाडा लक्षात घ्या, आणि निवड हातात असेल तर रात्रीचं विमान घ्या.

पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे हवा. आत प्राण्याला ताठ उभं राहता, पूर्ण वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. मापं घेताना कुत्र्याचे कान उभे असतील तर उंची कानाच्या टोकापर्यंत घ्या. पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता यावी. आणि तीन महिन्यांच्या वाटेचा खरा उपयोग इथे होतो. पिंजरा पहिल्याच दिवशी आणून दार उघडं ठेवून हॉलमध्ये ठेवा, आत त्याची जुनी चादर घाला, जेवण तिथेच द्या. काही आठवड्यांत तो दुपारी स्वतःहून आत जाऊन झोपायला लागतो.

झोपेचं किंवा गुंगीचं औषध देऊन पाठवावं असं घरच्यांना मायेपोटी वाटतं. देऊ नका. उंचीवर आणि दाबाच्या फरकात गुंगीतला प्राणी तोल आणि श्वास सांभाळू शकत नाही. गुंगीतले प्राणी कंपन्याही नाकारतात.

पोपट, कासव वगैरे

देशी पोपट आणि स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पाळणंच बेकायदा आहे, त्यामुळे बाहेर नेण्याचा प्रश्न येत नाही. आफ्रिकन ग्रे सारख्या परदेशी पक्ष्यांना साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागतात, आणि ते काम कुत्र्या-मांजरांच्या कागदांपेक्षा कितीतरी कठीण आहे.

वेळ उरलाच नाही तर?

जॉइनिंगची तारीख आली, आणि टायटरचे तीन महिने अजून संपायचे आहेत. ही वेळ बऱ्याच घरांवर येते. अशा वेळी प्राणी मागे ठेवून पुढे जाता येतं, पण युरोप आणि ब्रिटनचा पाच दिवसांचा नियम आधी समजून घ्या. तिथे पाळीव प्राण्याचा प्रवास "खासगी" तेव्हाच मानतात, जेव्हा मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नसतं. मालकाने लेखी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती प्राण्याला नेऊ शकते, पण तीही याच पाच दिवसांत. अंतर वाढलं की तोच कुत्रा व्यापारी माल ठरतो आणि त्याचा दाखला, तपासणी, प्रवेशाचं ठिकाण, सगळं बदलतं.

म्हणून ज्यांचं आधी जाणं अटळ आहे, त्यांनी घरातल्या एकाने तीन महिन्यांनी परत येऊन प्राण्याला सोबत नेण्याचं ठरवावं आणि त्या परतीच्या तिकिटाचे पैसे आजच बाजूला काढावेत. नवरा-बायकोपैकी एकजण मागे राहणार असेल तर पुस्तिकेवर, चिपच्या दाखल्यावर आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवर मालक म्हणून त्याचंच नाव पहिल्यापासून घाला. रक्त काढून झाल्यावर नाव बदलत बसण्यापेक्षा हे फार सोपं आहे. मधल्या काळात कुत्रा ज्यांच्याकडे राहील त्यांच्या हातात पुस्तिकेची झेरॉक्स, डॉक्टरांचा नंबर आणि पुढच्या बूस्टरची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्या. ती तारीख हुकली तर लसीपासून सगळं पुन्हा करावं लागेल.